चार आठवड्यांची माती

गेल्या शनिवारी सकाळी परसात गेले तर दव इतकं पडलं होतं, की केळीच्या पानांवरून पाणी टपटपत होतं आणि मला वाटलं नळ उघडा राहिला. यंदा थंडी लवकर आली. तिठ्यावरच्या दुकानात कागदाचे तारे टांगलेत, लाल, पिवळे, आत दिवा लावायचे. आमच्याकडे त्याला नखेत्र म्हणतात. दुकानदार म्हणाला, "काकी, नखेत्र व्हरता?" मी म्हटलं, "नखेत्र नको रे. पाव किलो नाचणे दे, पण रुजणारे दे." तो हसला. "भाकरी करतली काय शेत?" म्हटलं, "शेतच."

त्याला वाटलं म्हातारी चेष्टा करते.

नाचणे पदरात बांधून घरी येताना डोंगराकडे बघायचं नाही असं ठरवते मी दरवर्षी, आणि बघतेच. डोंगर म्हणजे आता डोंगर नव्हेच. वरून पायऱ्या कापल्यासारखा लाल, मध्ये खोल पोट. मी केरीची. समुद्राकाठी वाढलेली, वाळूत पाय मळलेली पोर. लग्न होऊन पाळीच्या अंगाला या गावात आले तेव्हा पहिले आठ दिवस मला वाटायचं, इथे सगळ्यांच्या घरी हळदीकुंकू आहे की काय. झाडं लाल, कपडे लाल, कोंबडीसुद्धा लाल. मग कळलं, ती खाणीची धूळ. आणि त्या धुळीतून आमचे हे टिपर चालवायचे. डोंगरावरची माती भरायची, नदीच्या जेटीवर नेऊन ओतायची, परत यायचं. वीस-बावीस वर्षं. आमचं घर त्या फेऱ्यांवर उभं राहिलं, पोरं त्यावर शिकली. हे आधी सांगून टाकते. नाहीतर पुढचं सगळं मी दुसऱ्याच कुणाबद्दल बोलते असं वाटेल.

शेजारीण कार्मेलीनबाय. आमच्या दोन घरांमध्ये एक गडग्याची भिंत, कमरेएवढी, आणि त्या भिंतीवरून चाळीस वर्षं काय काय इकडचं तिकडे गेलं याची गणती नाही. चतुर्थीच्या नेवऱ्या तिकडे, नाताळाचा दोदोल इकडे. विळी, घमेलं, मिरच्या, तापाची गोळी. एकदा तर तिची मांजर आमच्याकडे व्याली आणि परत गेलीच नाही. तिचा नवरा लवकर गेला, लेक लग्न करून मडगावला. घरात ती, सायबिणीची म्हणजे मरियामातेची तसबीर आणि माळ्यावर भाताची एक मुडी. मुडी म्हणजे पेंढ्यात घट्ट गुंडाळून बांधलेलं बियाण्याचं भात. तिच्याबद्दल पुढे सांगायचंच आहे.

नवी नवरी होते तेव्हा, असेच दिवस, ती गडग्यापलीकडून म्हणाली, "आदवेंत आयलें गो." मी आपली पदर सावरून विचारते, "कोण आलं?" मला वाटलं तिच्या माहेरचं कुणी. ती हसता हसता गडग्यावर टेकली. "अजून कोण येवंक ना. येतलो म्हूण वाट पळोवप, ताका आदवेंत म्हणटात." नाताळाच्या आधीचे चार रविवार. इगर्जेत, म्हणजे चर्चमध्ये, हिरव्या डहाळ्यांचं कडं करतात, त्यात चार मेणबत्त्या, तीन जांभळ्या नि एक गुलाबी, आणि दर रविवारी एकेक पेटवायची. एक, दोन, तीन, चार. मला ते फार आवडलं होतं. आमच्याकडे देव येतो तेव्हा आम्ही त्याला वाजत गाजत आणतो आणि वाजत गाजत पोचवतो. पण नुसतं वाट बघण्याला नाव देऊन त्याचा सण केलेला मी पहिल्यांदाच बघितला.

त्या दिवसांत ती गोठा करायची. सोप्यावर, पायऱ्यांच्या बाजूला. जेजू गोठ्यात जन्मला ना, तो. सिमेंटच्या पिशवीचा कागद चुरगाळून डोंगर, फुटक्या आरशाचं तळं, पेंढ्याचं छप्पर, मातीची गुरं. आणि भोवती शेतं. ही शेतं खरी हं. बिस्किटांच्या चपट्या पत्र्याच्या डब्यांत माती घालून नाचणे पेरायचे. आठ-दहा दिवसांत बोटभर हिरवं उभं राहतं, मग ते डबे गोठ्याभोवती मांडायचे आणि कडा वाळक्या पानांनी झाकायच्या. सगळ्या किरिस्तांव घरांत असंच करतात. फक्त कार्मेलीनबायच्या गोठ्यात चार डबे हिरवे आणि एक तांबडा, बोडका. त्यात काही उगवलेलं नसायचं. मातीला भेगा.

तो तिच्या शेताचा डबा.

डोंगराच्या पायथ्याशी तिचा कुणगा होता, शेताचा तुकडा. म्हणजे अजूनही आहे, जागा कुठे जाते. वायंगणाचं भात व्हायचं तिथे, हिवाळ्यात पेरायचं, झऱ्याच्या पाण्यावर. नाताळच्या दिवसांत त्या कुणग्यात रोपांचा पोपटी रो डुलायचा आणि बगळे यायचे. मग एका पावसाळ्यात वरचा ढिगारा खचला आणि खाणीचा गाळ खाली उतरला. पाणी ओसरलं तेव्हा गुडघाभर तांबडा चिखल, आणि ऊन लागल्यावर कौलासारखा टणक. त्यात कुदळ वाजायची, खण्‌ खण्‌. कार्मेलीनबाय कुणाच्या दारात रडायला गेली नाही. फक्त एकदा, आमच्या ह्यांना चहा देताना, सरळ तोंडावर म्हणाली, "तुवें दोंगर व्हेलो आनी गाळ म्हज्या शेतांत दवरलो. बरो गिरायक तूं." डोंगर तू नेलास, गाळ माझ्या शेतात ठेवलास, असं. आणि वर उंड्याचा, पावाचा, तुकडा पुढे केला. ह्यांनी खाल्ला. काय करणार.

त्या वर्षापासून तिने हे सुरू केलं. आदवेंताच्या पहिल्या रविवारी, इगर्जेतल्या मिसाहून आली की थेट शेतात जायची, मूठभर माती आणायची आणि डब्यात घालून नाचणे पेरायची. बाकीचे डबे तिसऱ्या रविवारी. याला मात्र चार आठवडे. "ताका वेळ जाय," म्हणायची. दुखण्यातून उठणाऱ्या माणसाबद्दल बोलावं तसं. नाचणे कधी कुजायचे, कधी एखादा कोंब दोरा निघावा तसा निघायचा आणि आडवा व्हायचा. तरी तो डबा ती गोठ्यात मांडायची, अगदी पुढे, बाळाच्या पायाशी. बघायला येणारे विचारायचे, हे असं का? ती म्हणायची, "हें अजून येवपाचें आसा."

बघा, किती साधं. हे अजून यायचं आहे.

आणि मुडी. ते तांबडं भात तिच्या आईच्या वेळचं. कुणगा गेल्यावर तिने बियाणं धारगळला भावाकडे दिलं, तो आपल्या शेताच्या कडेला एक पट्टा दरसाल लावायचा, आणि नव्या बियाण्याची एक मुडी बहिणीला आणून द्यायचा. भाताचं बी फार दिवस जुनं चालत नाही, ते दरवर्षी मातीत जाऊन यावं लागतं. मग हमरस्ता रुंद झाला आणि तो पट्टा रस्त्याखाली गेला. भाऊ शेवटची मुडी घेऊन आला तेव्हा म्हणाला, "आतां हांगाच कितें तें पळय." तेवढंच भात उरलं त्या जातीचं. तिच्या माळ्यावर.

आता मी काय केलं ते.

त्याच वर्षी कार्मेलीनबाय विहिरीवर घसरली आणि पाय मोडला. म्हापशाला हॉस्पिटलात नेलं, पायाला प्लास्टर. मी बघायला गेले तर स्वतःच्या पायाचं काही नाही, म्हणते, "फुडल्या आयतारा आदवेंत. शेतांतली माती कोण हाडटलो?" म्हटलं, मी आणीन. "नाचणे घालशी?" म्हटलं, घालीन. "वेळ दी हां ताका."

मी दिला. पहिल्या रविवारी माती आणली, कौलाच्या ढेपा फोडून फोडून बारीक केली, नाचणे पेरले. आणि आमच्या घरात पेरलेलं काही ठेवायची एकच जागा, देवघर. नवरात्रात आम्ही रुजवण घालतो तसं मी तो डबा देवाच्या बाजूला टोपलीखाली झाकून ठेवला. तिसऱ्या रविवारी दुसरे चारही तिथेच. मला दुसरं माहीतच नव्हतं. रुजवण अंधारातच ठेवायची असते, मग ती पिवळी सोन्यासारखी येते, आणि दसऱ्याला आपण ती केसांत माळतो. गोठ्यातलं शेत हिरवं लागतं, त्याला ऊन दाखवायचं असतं, हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

पहिला आठवडा काही नाही. दुसरा आठवडा काही नाही. मी रोज टोपली उचलून बघायची, आंघोळ करून, जणू माझीच परीक्षा. तिसऱ्या रविवारी बोटाने माती उकरली तर नाचणे काळे पडले होते. आणि निरोप आला, बुधवारी तिला घरी सोडणार.

त्या सकाळी ह्यांना खोकल्याची उबळ आली होती. सोप्यावर बसून खोकत होते, समोर तो डोंगर. मी देवघरात तो डबा हातात घेऊन उभी. आणि मला ते सहन झालं नाही, बस. एवढंच कारण. आपण बायका हात रिकामे ठेवू शकत नाही. वाट बघ म्हटलं तरी आपण काहीतरी ढवळतोच. मी तो डबा परसात नेऊन उपडा केला, तुळशीच्या बुंध्याची काळी भुसभुशीत माती त्यात भरली, ओंजळभर नाचणे टाकले आणि परत टोपलीखाली ठेवला. म्हटलं, एक वर्ष. एका वर्षी बघू दे बिचारीला.

चौथ्या रविवारी मी तिला रिक्षातून इगर्जेत नेलं. कुबड्या घेऊन तिला एकटीला जमत नव्हतं. मागच्या बाकावर आम्ही दोघी. पाद्रीब बोलत होते कोंकणीतून, मला सगळं कळत होतं. म्हणाले, वाट आपण माणसंच बघतो असं समजू नका. माती वाट बघते, नदी बघते, झाडं, पाखरं. जे मोडलं ते टाकून देऊन देव दुसरं काही आणणार नाही, हेच नवं करणार आहे. मी ऐकत होते. आमच्यात देव युगायुगाला येतो, येण्याचं आम्हाला नवल नाही. पण येतो तो दुष्टांना मारायला, असं ऐकत आले. एखाद्या कुणग्यासाठी पण तो यायचा आहे, हे मी पहिल्यांदाच ऐकलं. आणि मी तर त्याच्या आधी पोचून बसले होते. तुळशीची माती घेऊन.

त्या दुपारी मी टोपली उचलून पाचही डबे तिच्या मेजावर मांडले. बोट-दीड बोट वाढलेले, आणि पिवळेधमक.

ती बघतच राहिली. मग विचारलं, "हीं पिवळीं कित्याक गो?" मी सांगितलं, देवघरात ठेवली होती, टोपलीखाली. ती अशी हसली, की प्लास्टरचा पाय मेजावर आपटला. "आगे पिश्शे, तुवें जेजूक नवरात्र केलें." मीही हसले. आणि मग तिचं हसू थांबलं. तिने तो एक डबा ओळखला, त्याच्या खाली बसवलेल्या झाकणावर गुलाबाचं चित्र होतं. दोन्ही हातांनी उचलला. पिवळे कोंब खिडकीच्या उजेडात हलत होते आणि खरंच सांगते, पिकलेलं भात दिसतं तसे दिसत होते.

"पिकलां," ती म्हणाली. हळू. "पळय, तें पिकलां."

सांगायची ती वेळ होती. मी म्हटलं, "चहा ठेवू?"

नाताळ झाला. गोठ्यात पाच डबे सोनेरी, लोक विचारत आणि ती सगळ्यांना सांगे, शेत परत आलं. नाताळाच्या दुसऱ्या दिवशी तिने आमच्या ह्यांना हाक मारली आणि माळ्यावरची मुडी काढायला लावली. मी तिथेच होते. म्हटलं, "अगो, एवढ्यात कशाला? पुढच्या वर्षी बघू." ती म्हणाली, "बीं फुडल्या वर्सा जियेतलें?" तेही खरंच होतं. म्हटलं, "थोडं तरी ठेव." "थोडें दवरून कोणाक दिवं? जाग्यार पडूं दी." भात भिजवलं, मोड आणले. हे आणि मी ते शेतात घेऊन गेलो. ती सोप्यावर खुर्चीत, तिथून कुणगा दिसतो.

ह्यांनी गाळ वरवर खरवडला, झऱ्याचं पाणी वळवलं. म्हणाले, "पाणी खाली उतरत नाही हो. वरच राहतंय." मी टोपली पुढे केली. मोड आलेलं ते तांबडं भात ह्यांनी मुठीमुठीने फेकलं. डोंगर वाहून नेणारे हात, आणि ते बी फेकताना इतके जपून. त्यांना माहीत नव्हतं, मला माहीत होतं. बांधावर मी उभी, टोपली माझ्या कमरेवर, टोपली रिकामी होत गेली. तिकडे सोप्यावरून कार्मेलीनबायने हात हलवला. मी पण हलवला.

अजूनही तो हात मला दिसतो. माझाच.

आठ दिवस पाणी तांबडं, संथ. आधी चिमण्या आल्या, मग त्याही यायच्या थांबल्या. ती रोज विचारायची, "कितें?" आणि मी म्हणायची, थंडी आहे ना, वेळ लागेल.

तीन राजांच्या फेस्ताला गोठा मोडतात. ती खुर्चीत बसून एकेक वस्तू कागदात गुंडाळत होती, मी हातात देत होते. गुलाबाच्या झाकणाचा डबा दिला. सोप्यावरच्या उजेडात नाचण्याची पाती हिरवी होऊन वाळायला लागली होती, आणि त्यांच्या मुळाशी दुसरंच काही उगवलं होतं. अगदी लहान, मोहरीएवढी दोन-दोन पानं, दहा-बारा ठिकाणी. तिने एक खुडलं, बोटांत चुरडलं, नाकाला लावलं.

मग बाकीच्या पानांवरून बोट फिरवलं.

"ही तुजी तुळस," ती म्हणाली.

मी होय म्हटलं. तुळशीचं बी केव्हापासून त्या मातीत पडलेलं, मला कुठे दिसणार होतं. मी म्हटलं, "तुला बरं वाटावं म्हणून गो." ती माझ्याकडे बघत नव्हती, खाली कुणग्याकडे बघत होती. म्हणाली, "पाचवें म्हाकाय जाय आसलें. पूण तें ताणें दिवपाचें. तुवें न्हय." हिरवं मलाही हवंच होतं, पण ते त्याने, देवाने द्यायचं होतं, तू नव्हे. मग डबा माझ्या हातात दिला. "व्हर. तुजी माती."

गडग्यावरून त्यानंतर काही आलं गेलं नाही. होळी गेली, पास्कांचं फेस्त, ईस्टर, तेही गेलं. मी चतुर्थीला नेवऱ्या पाठवल्या, ताट धुऊन परत आलं, रिकामं. ह्यांना मी सगळं सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तू एक डबा बदललास. मी काय केलं?" आणि उठून गेले. मी त्यांना समजवायला लागले नाही. दोघांचं वेगवेगळं होतं आणि एकच होतं. डब्यातली तुळस मी वृंदावनात लावली नाही, फेकलीही नाही. ती विहिरीजवळ वाढली आपली आपण, आणि तिच्याजवळून जाताना मी पदर सावरून जाते.

वर्षाने, असेच दिवस, गडग्यापलीकडून हाक आली. "बाय." मी जिथे होते तिथून धावले. ती काठीवर टेकून उभी. "म्हज्यान शेतांत वचूंक जायना. माती हाडून दी." मग म्हणाली, "शेतांतलीच."

मी आणली. तिने ओंजळीत घेतली, आणि पेरायच्या आधी वास घेतला.

तेव्हापासून दरवर्षी असंच. आता तिला जवळजवळ दिसत नाही, अंथरूण जनेलाशी, खिडकीशी लावलंय, उन्हाची तिरीप तोंडावर येते. खाण मध्ये कितीतरी वर्षं बंद होती, आता पुन्हा सुरू होणार म्हणतात. मशिनं धुवायला काढलीत वर. त्यावर जगलेल्यांना नको म्हणायला मी कोण, आणि हो म्हणायला तोंड कुठलं. आमचे हे सोप्यावर बसून ऐकतात. खोकला आला की डोंगराकडे पाठ करतात. ते भात मात्र कुठेच नाही. माझं पेडण्यापर्यंत ओळखीच्या सगळ्यांना विचारून झालं, तांबडं, बुटकं, लांब कुसळाचं. लोक म्हणतात, असायचं खरं.

रविवारी मी कुणग्यात गेले. ढेप फोडली, मूठभर माती आणली, कार्मेलीनबायच्या हातावर ठेवली. तिने वास घेतला. "लोखंड," म्हणाली. "बरोबर." मग स्वतःच्या बोटाने नाचणे दाबले, आणि म्हणाली, "देवघरांत दवरूं नाका हां." म्हणजे अजून थट्टा शिल्लक आहे. मी डबा तिच्या जनेलावर उन्हात ठेवला.

आज बुधवार. सकाळी गेले तर ती जागीच होती.

"कितें?"

"अजून ना."

"फटी मारिनां मूं?"

"नाही गो. खोटं नाही सांगत."

तिने हात पुढे केला. मी डबा दिला. तिने तो नाकाशी नेला, बराच वेळ धरला, आणि मला परत दिला.

"उदक घाल," म्हणाली.